प्रयोगशाळेतून सल्लागार पेढीकडे

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात 'सारथी' संस्थेच्या संशोधन अधिछात्रवृत्तीचा विषय विधान परिषदेत निघाला, तेव्हा राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा प्रतिप्रश्न केला. त्यावर महाराष्ट्रभर संताप उमटला आणि तो रास्तच होता. परंतु संताप ओसरल्यानंतरही तो प्रश्न उरतोच. आपण ज्या समाजव्यवस्थेत राहतो ती व्यवस्था हाच प्रश्न सभागृहाबाहेर, पुष्कळ अधिक सभ्य भाषेत, रोज विचारीत असते. पाच-सहा वर्षे खपून ज्याने निसर्गाचे एखादे कोडे सोडविण्याची विद्या हस्तगत केली, त्या माणसाचे समाजाने करायचे काय? आपल्या शासनापाशी याचे उत्तर नाही. बाजारापाशी मात्र ते तयार आहे. पदार्थविज्ञानाचा वा जीवशास्त्राचा पदवीधर डॉक्टर आज व्यवस्थापन सल्लागार पेढ्यांच्या दारी मोठ्या संख्येने दिसतो. त्याला तेथे मानाने बोलाविले जाते आणि प्राध्यापकाला स्वप्नातही दिसणार नाही असा पगार दिला जातो. ही घटना मुख्यतः अमेरिकेतली आणि युरोपातली असली, तरी तिचा अर्थ आपल्यालाही लावावा लागेल.

या पेढ्यांचा इतिहास उद्बोधक आहे. १८८६ साली बॉस्टनमध्ये आर्थर लिटल या रसायनशास्त्रज्ञाने व्यवसाय थाटला, तेव्हा तो कारखानदारांना रासायनिक पृथक्करण करून देत असे. म्हणजे विकला जाणारा सल्ला हा प्रत्यक्ष शास्त्राचाच होता. पुढे १९११ साली फ्रेडरिक टेलरने 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा ग्रंथ लिहिला आणि कामगाराच्या हालचाली घड्याळावर मोजण्याला शास्त्राचे नाव दिले. १९२६ साली शिकागोच्या जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने आपली पेढी काढली. १९६३ साली बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि १९७३ साली बेन या पेढ्या उभ्या राहिल्या. आज या तिघी जगभरच्या महामंडळांना आणि सरकारांना सल्ला देतात. लिटलने शास्त्र विकले, टेलरने शास्त्राचे नाव वापरले आणि आजच्या पेढ्या शास्त्रज्ञच विकत घेतात, असा हा क्रम आहे.

त्यांना शास्त्रज्ञ हवा असतो तो कशासाठी? त्याच्या प्रबंधाच्या विषयाशी त्यांना क्वचितच कर्तव्य असते. अपुऱ्या माहितीतून अनुमान बांधणे, मोठ्या प्रश्नाचे तुकडे पाडणे, आकड्यांना न घाबरणे आणि रात्र रात्र काम करणे, या सवयी संशोधनाने त्याला लावलेल्या असतात. पेढ्या त्याची परीक्षा एखाद्या कल्पित कंपनीचे कोडे घालून घेतात, काही आठवड्यांत त्याला ताळेबंद आणि नफातोट्याची भाषा शिकवितात आणि मग थेट अशिलाच्या कचेरीत पाठवितात. तेथे जो वर चढत नाही त्याने बाहेर पडावे, असा रिवाज असतो. हे सारे त्याला मान्य असते, कारण मोबदला जबर असतो. अमेरिकेत २०२४ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पीएच.डी.नंतरच्या नवख्या संशोधकाला ठरविलेले वेतन वर्षाला ६१,००८ डॉलर होते. बड्या सल्लागार पेढीत तोच उमेदवार पहिल्या वर्षी त्याच्या सुमारे तिप्पट मूळ पगारावर रुजू होतो.

येथे अनेकांना नैतिक संतापाचा मोह होतो. सार्वजनिक पैशाने शिकलेला माणूस भांडवलदारांच्या चाकरीला गेला, म्हणजे त्याने विद्येशी द्रोह केला, असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते ते केवळ सोपे नाही, चुकीचेही आहे. माणसे प्रयोगशाळा का सोडतात हे आधी पाहावे. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने टेक्सासमध्ये उभारला जात असलेला प्रचंड कणत्वरक प्रकल्प, सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यानंतर, रद्द केला. ज्या तरुण पदार्थविज्ञांनी आपले आयुष्य त्या यंत्राच्या हिशेबाने आखले होते, त्यांच्यातले कितीतरी वॉल स्ट्रीटच्या वाटेला लागले. तेव्हा शीतयुद्ध संपले होते आणि पदार्थविज्ञानाची राज्यकर्त्यांना वाटणारी निकडही त्याबरोबर संपली होती. पुढे १९९८ ते २००३ या काळात अमेरिकेने जैववैद्यकीय संशोधनावरील सरकारी खर्च दुप्पट केला. विद्यापीठांनी भराभर विद्यार्थी घेतले, प्रयोगशाळा बांधल्या आणि मग तो खर्च एकाएकी थिजला. विद्यार्थी तयार झाले, परंतु त्यांच्यासाठी कायमच्या जागा निर्माण झाल्या नाहीत. दोन-दोन वर्षांच्या करारांवर चाळिशीपर्यंत लोंबकळणारा एक सुशिक्षित वर्ग त्यातून जन्मास आला. २०२५ साली वॉशिंग्टनच्या सरकारने चालू संशोधनाची अनुदाने मध्येच तोडण्याचा सपाटा लावला, तेव्हा या वर्गाची उरलीसुरली निश्चितीही गेली. या माणसांना सल्लागार पेढीने हात दिला तर त्यांनी तो झिडकारावा, अशी अपेक्षा कोणत्या अधिकाराने करायची?

आपल्याकडची स्थिती याहून बिकट आहे आणि वेगळीही आहे. भारत संशोधन व विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, असे २०२०-२१ चे सरकारी आकडे सांगतात. त्याच सुमारास चीनचा खर्च २.४ टक्के होता. कनिष्ठ संशोधन अधिछात्राला दरमहा २५,००० रुपये मिळत होते. देशभर संशोधक रस्त्यावर उतरले तेव्हा १ जानेवारी २०१९ पासून त्याचे ३१,००० झाले आणि जानेवारी २०२३ पासून ३७,०००. ही रक्कमही महिन्याच्या महिन्याला हाती पडत नाही, अनेकदा महिनोन्महिने थकते, ही प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याच्या घरातली रोजची कहाणी आहे. 'बार्टी'च्या अधिछात्रवृत्तीसाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना २०२३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. प्रबंध पूर्ण झाल्यावर पुढे काय? विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून मोठ्या संख्येने जागा रिकाम्या पडून आहेत आणि त्या तासिका तत्त्वावर भागविल्या जातात. तासाला मोजून पैसे, सुटीत काहीच नाही, पुढल्या वर्षाची शाश्वती नाही. ज्याने प्रबंध लिहिला तो विद्वान रोजंदारीवरच्या मजुराच्या अटींवर शिकवितो.

येथेच एक वर्गीय भेद ध्यानात घ्यावयास हवा. सल्लागार पेढीचे दार भारतात सर्वांना उघडे नाही. त्यांची भरती मुख्यतः व्यवस्थापन संस्थांतून आणि मोजक्या तंत्रविज्ञान संस्थांतून होते. अस्खलित इंग्रजी, शहरी वळण आणि ओळखीपाळखी ज्यांच्यापाशी आहेत त्यांना तेथे प्रवेश मिळू शकतो. मराठवाड्यातल्या वा खानदेशातल्या विद्यापीठातून, घराण्यातली पहिली पदवी घेऊन, रसायनशास्त्रात पीएच.डी. झालेल्या शेतमजुराच्या मुलीला हे दार दिसतदेखील नाही. तिच्यापुढे तासिका, खाजगी शिकवणी आणि स्पर्धा परीक्षा एवढेच मार्ग असतात. म्हणजे वरच्या थरातला संशोधक बाजार उचलतो आणि खालच्या थरातला संशोधक वाया जातो. विद्येची ही दुहेरी नासाडी एकाच कारणातून होते, आणि ते कारण म्हणजे विज्ञान ही समाजाची गरज आहे असे आपल्या राज्यकर्त्यांना वाटतच नाही.

सल्लागार पेढ्यांचे समर्थक म्हणतात की यात नासाडी कसली? शास्त्रज्ञाची बुद्धी उद्योगाला मिळते, कारभार सुधारतो, देशाचे उत्पन्न वाढते. हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असा आहे. शास्त्रज्ञाने जन्मभर नळकांड्यांतच डोके घालून बसावे असे आम्हीही म्हणत नाही. परंतु या व्यवसायांतर्गत नेमके काय बदलते ते पाहिले पाहिजे. शास्त्राचा पाया असा की निष्कर्ष सर्वांसमोर मांडला जातो आणि तो कोणालाही तपासून खोटा ठरविता येतो. प्रश्न कोणता घ्यावयाचा याचा निर्णय निदान अंशतः संशोधकाच्या हाती असतो. सल्लागाराच्या बाबतीत प्रश्न अशील ठरवितो, अहवाल अशिलाच्या मालकीचा असतो, तो गोपनीय असतो आणि सल्ला चुकला तर त्याची किंमत तिसराच कोणी मोजतो. बुद्धी तीच आणि पद्धतीही वरवर तीच राहते. परंतु ज्या सार्वजनिक कसोटीमुळे शास्त्र हे शास्त्र ठरते ती कसोटी नाहीशी होते. शास्त्राची प्रतिष्ठा तेवढी अहवालाच्या मुखपृष्ठावर शिल्लक राहते.

याचे परिणाम काय होतात याचा जाहीर दाखला उपलब्ध आहे. अमेरिकेत पर्ड्यू या औषध कंपनीच्या ऑक्सिकॉन्टिन या अफूजन्य वेदनाशामकाने व्यसनाची साथ पसरविण्यास मोठा हातभार लावला. २००७ साली त्या कंपनीच्या व्यवहारात न्यायालयात गुन्हा कबूल केला गेला होता. तरीही त्यानंतर, २०१३ साली, मॅकिन्झीने त्याच औषधाचा खप झपाट्याने कसा वाढवावा याची योजना तिला आखून दिली. अफूजन्य द्रव्यांच्या अतिसेवनाने १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. २०२२ साली तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीने उघड केले की या पेढीचे किमान २२ सल्लागार असे होते, ज्यांनी औषध कंपन्यांसाठीही काम केले आणि त्या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी औषध प्रशासनासाठीही. पेढीने फेब्रुवारी २०२१ मध्ये बहुतेक राज्यांशी ५७ कोटी ३० लाख डॉलरची आणि डिसेंबर २०२४ मध्ये संघ सरकारशी ६५ कोटी डॉलरची तडजोड केली. कोणत्या डॉक्टरांकडे विक्रेते धाडले तर गोळ्या अधिक खपतील हे आकडेमोडीने शोधून काढणे, बुद्धीच्या दृष्टीने, एखाद्या रोगाचा प्रसार शोधण्याहून फारसे निराळे नाही. हेतू तेवढा उलटा असतो.

दक्षिण आफ्रिकेतही हेच दिसले. तेथील महसूल खाते हे वर्णद्वेषी राजवटीनंतर उभारलेल्या उत्तम सार्वजनिक संस्थांपैकी एक मानले जाई. त्या खात्याची मोडतोड करण्यात बेन पेढीचा वाटा होता, हे २०१८ साली न्यायमूर्ती न्यूजंट यांच्या आणि २०२२ साली न्यायमूर्ती झोंडो यांच्या चौकशीतून बाहेर आले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या पेढीला तीन वर्षे सरकारी कामे देण्यास मनाई केली.

आणि मुंबईकराला तर हे दूरदेशीचे वाटण्याचे कारणच नाही. सप्टेंबर २००३ मध्ये 'बॉम्बे फर्स्ट' या उद्योगपतींच्या संस्थेसाठी मॅकिन्झीने मुंबईला 'जागतिक दर्जाचे शहर' करण्याचा अहवाल सिद्ध केला. दहा वर्षांत दोन लाख कोटी रुपये ओतावेत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे ते दहा-वीस टक्क्यांवर आणावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. राज्य शासनाने तो डोक्यावर घेतला. २००४ च्या डिसेंबरात पाडापाडी सुरू झाली आणि त्या हिवाळ्यात ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या जमीनदोस्त झाल्या. एका अहवालामुळेच हे घडले असे आम्ही म्हणणार नाही; झोपडपट्टीवर बुलडोझर त्यापूर्वीही फिरतच होता. परंतु त्या बुलडोझरला आकडे, आलेख आणि 'दर्जा'ची भाषा या अहवालाने पुरविली. झोपडीत राहणारा माणूस त्यात टक्केवारी झाला. टक्केवारी कमी करावयाची, एवढे ठरले की ती माणसे जायची कोठे हा प्रश्न विचारण्याचे कोणाला कारण उरत नाही. तो प्रश्न विचारला त्यांनीच, 'घर बचाओ, घर बनाओ' म्हणत रस्त्यावर येऊन.

यावर काही कार्यकर्ते विचारतील की मग शासनाला सल्ला लागतच नाही काय? निश्चित लागतो. सार्वजनिक उद्योगांचा आणि सरकारी रुग्णालयांचा कारभार सुधारावयास हवा, हे त्यांचा आजवर कैवार घेणाऱ्या समाजवाद्यांनी तर सर्वांत आधी म्हटले पाहिजे. वाद आहे तो सल्ला कोणाच्या मालकीचा असावा यावर. या देशाने एके काळी याचे दुसरे उत्तर देऊन पाहिले आहे. १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. १९५० साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली, १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील मक्तेदारी काढून केवळ प्रक्रियेपुरते पेटंट ठेवले, आणि मग या सार्वजनिक प्रयोगशाळांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी औषधे बनविण्याच्या स्वतंत्र प्रक्रिया शोधून देशी उद्योगाला दिल्या. भारतीय औषधे स्वस्त झाली त्यामागे संसदेचा कायदा होता आणि पगारी सरकारी शास्त्रज्ञांची विद्या होती. उद्योगाला सल्ला देणारे शास्त्रज्ञ तेव्हाही होते. ते समाजाचे नोकर होते, एवढाच फरक.

आज चक्र उलटे फिरते आहे. शासन आपल्या खात्यांतली तज्ज्ञांची पदे भरीत नाही. पदे रिकामी म्हणून खात्यापाशी विद्या नाही, विद्या नाही म्हणून सल्लागार नेमावा लागतो, सल्लागारावर पैसा गेला म्हणून पदे भरावयास पैसा नाही. प्रत्येक फेऱ्यागणिक खाते अधिक परावलंबी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला, तेव्हा पाच वर्षांत ५०,००० कोटींचा निधी सांगितला गेला. परंतु त्यातले ३६,००० कोटी खाजगी व अन्य बिगरसरकारी मार्गांनी यावयाचे होते. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, ती मुख्यतः खाजगी उद्योगांना स्वस्त दराने दीर्घ मुदतीचे भांडवल देण्यासाठी. ज्या शासनाला संशोधक मुलीची अधिछात्रवृत्ती वेळेवर देता येत नाही, त्याचा हात उद्योगपतींसाठी इतका सैल कसा, याचा जाब विचारला गेला पाहिजे.

प्रयोगशाळा सोडणे म्हणजे बाजाराकडेच जाणे असे नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. कॅलिफोर्नियात पीएच.डी. करून परतलेल्या अनिल सद्गोपाल यांनी १९७१ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेची नोकरी सोडली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 'किशोर भारती' उभारली. १९७२ साली तेथील सोळा शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुंबई-दिल्लीचे शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसले, काड्यापेटी आणि भिंगे यांच्यातून प्रयोग तयार झाले आणि तो कार्यक्रम सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. या उदाहरणावरून दोन धडे घ्यावयाचे. शास्त्रज्ञाच्या विद्येला समाजात काम आहे, भरपूर आहे. आणि ते काम एकेकट्याच्या त्यागावर तीस वर्षे चालले तरी, शासनावर वचक ठेवणारी लोकशक्ती पाठीशी नसेल तर, एका सरकारी हुकुमाने थांबविता येते.

म्हणून त्यागाचे आवाहन हा या प्रश्नावरचा इलाज नव्हे. इलाज संघटनेत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुमारे ४८,००० संशोधकांनी आणि अध्यापन साहाय्यकांनी संप पुकारला. त्यांचे नेतृत्व करीत होती ती मोटार कामगारांची संघटना. सहा आठवडे संप चालला आणि वेतनात भरीव वाढ पदरात पडली. मोटार कारखान्यातला कामगार आणि प्रयोगशाळेतला संशोधक एका झेंड्याखाली उभे राहिले, ही त्या वेतनवाढीहूनही मोठी मिळकत होती. आपल्याकडे अधिछात्रवृत्तीची वाढ तीन वेळा मागावी लागली आणि दर वेळी ती चळवळीनेच हलली. परंतु या चळवळी विद्यार्थ्यांच्या तात्पुरत्या समित्यांवर चालतात. प्रबंध संपला की कार्यकर्ता पांगतो. ही उणीव भरून काढणे हे आपल्या कामगार आणि विद्यार्थी आघाड्यांचे काम आहे.

मागण्याही स्पष्ट हव्यात. अधिछात्रवृत्ती हे वेतन समजावे आणि ते महिन्याच्या ठरावीक तारखेला द्यावे. विद्यापीठांतील रिक्त पदे कायमस्वरूपी, आरक्षणाची बिंदुनामावली पाळून भरावीत आणि तासिका तत्त्व मोडीत काढावे. शासनाने सल्लागार पेढीला दिलेले प्रत्येक काम, त्याची किंमत आणि तिचा अहवाल जनतेसमोर ठेवावा. जो अहवाल जनतेला दाखविता येत नाही तो जनतेच्या पैशाने विकत घेऊ नये. एकाच प्रश्नात नियामकाला आणि उद्योगाला सल्ला देण्यास कायद्याने बंदी असावी. पाणी, आरोग्य, शेती, वीज आणि नगररचना या खात्यांत राज्याने स्वतःचे संशोधक नेमावेत आणि त्यांचे निष्कर्ष ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत कोणालाही तपासता यावेत. धरणग्रस्तांना, गिरणी कामगारांना, मच्छीमारांना आपल्या बाजूचा तज्ज्ञ लागतो तेव्हा तो त्यांना हक्काने मिळावा.

ही शेवटची गोष्ट केवळ शासनावर सोपवून चालणार नाही. ज्या तालुक्यात आपली शाखा आहे, तेथे एखादा तासिकेवर राबणारा पीएच.डी. असतोच. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याविरुद्ध आपण मोर्चा काढतो, तेव्हा पाण्याचे पृथक्करण करून देणारा रसायनशास्त्रज्ञ तोच असू शकतो. त्याच्याकडे आपण प्रश्न घेऊन जावे आणि त्याच्या पगाराच्या लढ्यात त्याच्या शेजारी बसावे. जो सल्लागार पेढीत गेला आहे, त्यालाही शत्रू लेखण्याचे कारण नाही. आतल्या व्यवहाराची माहिती जगाला अनेकदा अशाच माणसांनी दिली आहे. पीएच.डी. करून काय दिवे लावणार, या प्रश्नाचे उत्तर एकट्या संशोधकाने द्यावयाचे नाही. ते त्याच्यासह संघटित श्रमिकांनी द्यावयाचे आहे, आणि त्यासाठी ज्यांना विद्येची सर्वाधिक गरज आहे त्यांच्या वस्तीत त्या विद्येला जागा करून देणे हे आपले आजचे काम आहे.